झाकण उघडलं तेव्हा

दुपारची भांडी आवरून, पंख्याखाली टेकून ऐकत असाल. आज पाककृती नाही, औषधही नाही. आज कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहे. फोनमधल्या नव्हे, रोलच्या. माझ्या वयाच्या बायकांना तो आठवत असेल आणि तुमच्या मुली-नाती आता तोच पुन्हा शोधत असतील. हल्ली त्याची नव्याने आवड निघाली आहे म्हणतात.

मागच्या महिन्यात माझी अकरावीतली नात आमच्याकडे वाशीला राहायला आली होती. दुपारी तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत जुन्या पत्रिका, पासबुकं आणि आमचा कॅमेरा होता. कातडी पाकीट पार भुगा झालेलं, पण कॅमेरा शाबूत. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तिने हॉलमधून विचारलं, "आजी, हा मागून उघडतो कसा?" आणि मी गाळणं तसंच टाकून ओरडले, "थांब! हात लावू नकोस!"

पोरगी दचकली. मीही दचकले. आत रोल असायचं काही कारण नव्हतं. मी कॅमेरा घेतला, डाव्या बाजूची छोटी चावी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवली. सैल फिरली. म्हणजे आत रोल नाही. आत रोल असला की ती चावी हाताला अडते, ताण लागतो. मग म्हटलं, "आता उघड." तिने उघडला, पाहिला, बंद केला आणि मला विचारलं, "मग एवढी ओरडलीस का?"

का, ते सांगायचं तर आधी हे यंत्र कसं चालतं ते सांगावं लागेल. रोल म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीची लांबलचक पट्टी. छत्तीस फोटोंचा रोल दीड मीटरहून थोडा लांब भरतो. ही पट्टी एका पत्र्याच्या डबीत गुंडाळलेली असते आणि डबीच्या तोंडाला मखमलीसारखी किनार असते, म्हणजे उजेड आत शिरू नये. उजेडात हाताळता येईल अशी ही तयार डबी कोडॅकने १९३४ साली काढली. तोवर बहुतेकांना अंधारात बसून पट्टी भरावी लागे. डबी कॅमेऱ्यात डावीकडे बसवायची, पट्टीचं टोक उजवीकडच्या रुळात अडकवायचं, झाकण लावायचं. फोटो काढला की पट्टी एक घर पुढे सरकते आणि काढलेला फोटो उजवीकडच्या रुळावर गुंडाळला जातो. सगळे फोटो झाले की तळाचं बारीक बटण दाबून, डावीकडची चावी फिरवून पट्टी परत डबीत घ्यायची. त्यानंतरच झाकण उघडायचं.

म्हणजे बघा, रोल अर्ध्यावर असताना न काढलेले फोटो डबीत सुखरूप असतात आणि काढलेले फोटो मात्र उघड्या रुळावर. त्यांच्यावर पांघरूण म्हणून फक्त ते मागचं झाकण. ते उघडलं की जाते ती काढून झालेली आठवण. कोरा रोल तसाच राहतो.

माझ्या वडिलांकडे आग्फाचा क्लिक-थ्री होता. तुमच्यापैकी कित्येकींच्या माहेरी असेल. त्यात बारा फोटोंचा रुंद रोल बसायचा, कधी उटीच्या कारखान्यातला 'इंदू'सुद्धा. त्या रोलला मागून काळा कागद असायचा. चुकून झाकण उघडलं तरी तो कागद थोडंफार सांभाळून घ्यायचा. ३५ मिलिमीटरच्या रोलला तसा कागद नसतो, आणि आम्ही तर आधीच्याच सवयीने हाताळत होतो.

आता १९९२ सालचं सांगते. हा कॅमेरा ह्यांच्या मावसभावाने आखातातून आणला होता. डावीकडची चावी वर ओढली की मागचं झाकण टक्कन उघडायचं. अशी रचना पुष्कळ कॅमेऱ्यांत असते. पर्सच्या पट्ट्यात चावी अडकली, लहान मुलाने ओढली तरी उघडतं. काहींना बाजूला सरकती खिट्टी असते. ती झिजली की पिशवीतल्या पिशवीत उघडते.

आमच्या घरात कॅमेरा खरा चालायचा तो वन्संच्या हातात. माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या श्वास रोखून, कोपर पोटाशी धरून फोटो काढायच्या. बारसं असो, हळदीकुंकू असो, "वन्सं कुठायत?" असंच सगळे विचारायचे. रोल महाग, धुणं महाग, प्रिंट महाग. छत्तीसचा रोल तीन-तीन महिने पुरवायचा. तेव्हा फोटो वाया न घालवणारा हात घरात लागायचाच.

त्या वर्षी पाडव्याला रोल घातला. गुढीचे दोन फोटो, मुलीच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाचे काही, शेजारच्या मुंजीतले काही. मग मे महिना आला आणि मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल सुरू झाली. ज्या तेव्हा इथे राहत होत्या त्यांना विचारा, तो काय आनंद होता! तोवर आम्ही बसने खाडीचा पूल ओलांडत होतो. माझी आई गिरगावात, चाळीतल्या दोन खोल्यांत. "तुम्ही बाई खाडीपल्याड गेलात, तिथे माणूस यायचं कसं?" असं म्हणून ती वर्षानुवर्षं आलीच नव्हती. लोकल सुरू झाल्यावर मी तिला आणायला गेले. तेव्हाच्या व्ही.टी.हून आम्ही दोघी वाशीच्या गाडीत बसलो. खाडीच्या पुलावर गाडी आली तशी तिने खिडकीचा गज घट्ट धरला आणि वाशी येईपर्यंत सोडला नाही.

चार दिवस राहिली. वाशीच्या नव्या फलाटावर नऊवारीत, पिशवी छातीशी धरून उभी असलेली आई. गच्चीत कुरडया घालताना. नातीची वेणी घालताना. गॅलरीत तुळशीला पाणी घालताना. असे सहा-सात फोटो मी काढले. ती कधी फोटोला उभी राहायची नाही. त्या चार दिवसांत मात्र राहिली.

जायच्या दिवशी सकाळी माझ्या मनात पाल चुकचुकली. तिला कारण होतं. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला रोल घालताना पट्टीचं टोक रुळात नीट अडकलंच नव्हतं. आम्ही छत्तीस वेळा बटण दाबलं आणि रोल जागचा हलला नव्हता. एकही फोटो आला नाही. तसंच आत्ता झालं असेल तर? आई तर निघालेली. मी कॅमेरा घेऊन आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि जरा डोकावून बघू म्हणून चावी वर ओढली.

झाकण उघडलं. काळसर तपकिरी, चकचकीत पट्टी समोर. उजवीकडे जाडजूड गुंडाळी. म्हणजे रोल व्यवस्थित पुढे सरकत होता. फोटो निघाले होते, आणि मी त्यांच्यावर खिडकीचा उजेड पाडला होता. मी झाकण मिटलं. एक-दोन सेकंदांचं काम. पोटात खड्डा पडला. मग काय सुचलं कोण जाणे, भिंतीकडे तोंड करून दोनदा बटण दाबलं, पट्टी पुढे सरकवली, पदराने तोंड पुसलं आणि बाहेर आले.

बाहेर वन्सं आलेल्या होत्या, आईला निरोप द्यायला. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "वन्सं, आमचा दोघींचा एक काढा ना." त्यांनी कॅमेरा हातात घेतला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा आकडा दोनवर कसा?" मी म्हटलं, "बिघडला असेल." त्यांनी श्वास रोखला, फोटो काढला. आई गिरगावला गेली.

पंधरा दिवसांनी रोल धुऊन आला. रविवार होता, सगळे हॉलमध्ये. सुरुवातीचे फोटो छान. गुढी, बक्षीस समारंभ. मग चार-पाच फोटोंच्या कडेला तांबड्या-पिवळ्या ज्वाळा. आणि त्यानंतरचे प्रिंटच नाहीत. स्टुडिओवाल्याने चिठ्ठी लिहिली होती: रोल मधेच उघडला गेला, पुढचं सगळं काळं पडलं आहे. फक्त शेवटचा एक फोटो आला होता. माझा आणि आईचा, वन्संनी काढलेला.

हे म्हणाले, "शेवटी कॅमेरा कोणाच्या हातात होता?" कोणावर ठपका ठेवायचा म्हणून नव्हे, सहज विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "माझ्याच. तो आकडाही हलला होता तेव्हा. काहीतरी दाबलं गेलं असणार माझ्या हातून."

मैत्रिणींनो, तिथे मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आई गेली. मग तर तो विषयच काढवेना. वन्सं दहाव्याला आल्या तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्या आईचे फोटो माझ्यामुळे गेले गं." तेव्हाही मी फक्त रडले. त्यांना वाटलं, आईसाठी.

त्यानंतर वन्संनी कॅमेरा हातात धरला नाही. कोणी दिला तर, "नको बाई, माझ्या हाताला यश नाही," म्हणायच्या. घरातल्या एका काकांनी तर म्हणूनही घेतलं की बायकांच्या हाताला यंत्र सोसत नाही. आणि आम्ही ऐकून घेतलं. आपल्या मुंबईच्या जे. जे.त शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४०च्या दशकात दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरे सांभाळत वर्तमानपत्रांसाठी फोटो काढत होत्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. हे तेव्हा मला माहीत असतं तरी मी काकांना उत्तर दिलं असतं का, सांगता येत नाही. उत्तर द्यायला आधी खरं बोलावं लागलं असतं.

आता नात समोर बसली होती. तिला मी इतकंच सांगितलं की एकदा झाकण उघडलं आणि पणजीचे फोटो गेले. ती उठली, पेटीतून निगेटिव्हचं पाकीट शोधून काढलं आणि पट्ट्या खिडकीशी धरून बघायला लागली. फोनच्या जमान्यातली पोरगी, पण डोकं चालवलं तिने. म्हणाली, "आजी, हे बघ. आधी चांगले फोटो, मग कडेने काळं, मग सगळं काळं, आणि शेवटी परत चांगला. म्हणजे झाकण हा शेवटचा फोटो काढायच्या आधी उघडलं. ज्यांनी शेवटचा काढला त्यांनी नाही उघडलं. मग कोणी उघडलं?"

बरोबर होतं तिचं. गुंडाळीत आधीचे फोटो आत जातात, नंतरचे वर येतात. उजेड पडला की वरचे वेढे जळतात, मधल्यांना कडेने झळ लागते आणि पोटातले वाचतात. म्हणून गुढी वाचली आणि आई गेली. शेवटचा फोटो झाकण मिटल्यावर डबीतून बाहेर आला, म्हणून तो स्वच्छ. आणि आकडा? झाकण उघडलं की बहुतेक कॅमेऱ्यांत मोजणी पहिल्यापासून सुरू होते. वन्संच्या हातात कॅमेरा आला तेव्हाच आकडा मागे गेलेला होता. ज्या आकड्यावरून त्यांनी स्वतःला दोषी ठरवलं, तोच आकडा त्यांचा साक्षीदार होता. आणि हे सगळं त्या पाकिटात तेहेतीस वर्षं पडून होतं.

मी नातीला सांगितलं, "मी उघडलं."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना माहितीये?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघी लोकलने ठाण्याला गेलो. वन्सं आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघे गेलेत, नजर शाबूत आहे. चहा झाला आणि मी सांगितलं. आतली खोली, चावी, भिंतीकडे तोंड करून दाबलेलं बटण, सगळं. नातीने पट्टी उजेडात धरून दाखवली. वन्संनी ती बराच वेळ बघितली. मला वाटलं होतं, "जाऊ दे गं, झालं ते झालं," म्हणतील. तसं म्हणाल्या नाहीत.

म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हाताला काही झालं नव्हतं तर." आणि थोड्या वेळाने, "आधी सांगितलं असतंस तर सुनेच्या डोहाळजेवणाचे फोटो मी काढले असते. त्या भाड्याच्या फोटोवाल्याने तिचा एक धड फोटो काढला नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर मला कळवा.

आता तुमच्या घरी असा कॅमेरा असेल, किंवा मुलीने-नातीने नवा-जुना घेतला असेल, तर माझ्या चुकीतून चार गोष्टी पक्क्या करून ठेवा.

पहिली. आत रोल आहे का हे झाकण उघडून कधीच बघू नका. डावीकडची चावी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. अडली तर रोल आहे. १९९०च्या आसपासच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना मागे बारीक खिडकी असते, तीतून डबी दिसते. आणि रोल पुढे सरकतोय का ही शंका असेल, मला होती तशी, तर फोटो काढून पट्टी पुढे घेताना त्याच चावीकडे बघा. ती आपोआप फिरत असेल तर रोल नीट चालला आहे. एवढं मला ठाऊक असतं तर आईचे फोटो आज भिंतीवर असते.

दुसरी. रोल घातला की झाकणाच्या खिट्टीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, तोच आपण वायरला लावतो तो. त्यावर तारीख लिहा. घरातल्या कोणीही कॅमेरा उचलला तरी कळेल की आत रोल आहे. छोट्या मुलांच्या हाताला येईल असा ठेवू नका.

तिसरी. तरीही उघडलंच, तर बघत बसू नका. ताबडतोब मिटा. जितका कमी उजेड, तितके आतले वेढे वाचतात. किती फोटो झाले होते ते आठवत असेल तर लगेच लिहून ठेवा, कारण आकडा पुसला जातो. रोल फेकू नका. दोन-तीन घरं कोरी सोडून पुढचे फोटो काढता येतात. धुवायला देताना मधेच उघडला होता असं स्वच्छ सांगा आणि तरी धुवा म्हणा. काही मोटरवाल्या कॅमेऱ्यांत रोल घातल्याबरोबर सगळी पट्टी आधी बाहेर येते आणि एकेक फोटो काढल्यावर डबीत परत जाते. त्यांत काढलेले फोटो डबीत असल्यामुळे वाचतात. तुमचा कॅमेरा कोणत्या जातीचा आहे ते रोल घालण्याआधी विचारून घ्या.

चौथी. पट्टी मधेच अडकली, चावी फिरेना, तर जोर लावू नका आणि उघडूही नका. जुन्या स्टुडिओवाल्यांकडे बाह्या असलेली काळी पिशवी असते. हात आत घालून ते अंधारातच रोल काढतात. तसं कोणी नसेल तर रात्री, दिवे घालवून, बिनखिडकीच्या न्हाणीघरात, जाड गोधडीखाली काढावा. आणि जुनी निगेटिव्ह असतील तर आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ती बुरशी धरतात. कोरड्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा.

आणि पाचवी, जी कॅमेऱ्याची नाही. आपल्या हातून झालं असेल तर त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये सांगून टाका. तेव्हा फार तर कोणी चार शब्द बोलेल.

निघताना मी वन्संना विचारलं, "हे रेडिओवर सांगू का?" त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला होता. चावी हलकेच फिरवून बघत होत्या, नातीने शिकवली तशी. म्हणाल्या, "सांग. माझं नाव नको घेऊस. पण तो शेवटचा फोटो चांगला आला होता, हे मात्र सांग."

चांगला आला होता, वन्सं. आईच्या चेहऱ्यावर खिडकीतला उजेड आहे, डोळे उघडे आहेत, आणि ती हसते आहे. आमच्या घरात तिचा तेवढा एकच फोटो आहे.